सुहैली आणि म्हादई

शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बोटींच्या यादीत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर बांधलेल्या दोन बोटी ठळकपणे उठून दिसतात. ‘सुहैली’ 1964 मध्ये मुंबईत कुलाब्याला पाण्यात उतरली. ‘म्हादई’ 2009 मध्ये गोव्यातल्या दिवाडी बेटावरून नौदलात दाखल झाली. दोघींमध्ये पंचेचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि एवढ्या काळात बोटबांधणीत काय बदलले ते या जोडीइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

सुहैली साडेबत्तीस फुटांची, सागवानी. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती मुंबईच्या मिस्त्र्यांकडून बांधून घेतली. लाकूड तासायचा वाकस आणि भोके पाडायचा सामता ही त्या मिस्त्र्यांची मुख्य हत्यारे होती. पाण्यात सोडताना पुढच्या टोकाला, नाळेवर, नारळ फोडला गेला. आराखडा मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, नॉर्वेच्या जुन्या बचावनौकांच्या वळणाचा होता. म्हणजे बोट नवी असतानाच जुनी होती. याच बोटीतून नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी इंग्लंडहून निघाले आणि कुठेही न थांबता 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी परतले. एकट्याने आणि विनाथांबा केलेली ती जगातली पहिली प्रदक्षिणा.

म्हादई छप्पन फुटांची. व्हॅन दे स्टाट या डच संस्थेचा आराखडा रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने साकारला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी नौदलासमोर मांडलेल्या सागर परिक्रमेच्या कल्पनेतून ती जन्मली. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये चार ठिकाणी थांबत, तर नौदलाचेच अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये विनाथांबा, याच बोटीतून एकट्याने प्रदक्षिणा केली. मोहिमेपूर्वी दोंदे यांनी धडे घेतले ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच.

दोघींतला खरा फरक पाण्याखाली आहे. विदर्भात नागझिऱ्याच्या आसपासच्या तळ्यांत ढीवर मच्छीमार चालवतात त्या डोंग्याला शीड नसते, म्हणून कीलही लागत नाही. शीड आले की वारा बोटीला आडवे पाडू पाहतो आणि बाजूला ढकलतो. या दोन्हींना तोंड देण्यासाठी तळाशी जो जड कणा असतो ती कील. कोकणातले मिस्त्री तिला पठाण म्हणतात. सुहैलीची कील बोटीच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर पसरलेली आहे आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला जोडलेले. म्हादईची कील आखूड, पण खोल उतरणारी. सुकाणू तिच्यापासून दूर, मागे. सुहैली पाण्यात सुमारे पावणेदोन मीटर बसते, म्हादई अडीच मीटर.

लांब कील बोटीला रेषेवर धरून ठेवते. ऑस्ट्रेलियाजवळ सुहैलीची वाऱ्यावर चालणारी स्वयंसुकाणू यंत्रणा मोडली, तेव्हा उरलेला जवळजवळ अर्धा प्रवास नॉक्स-जॉन्स्टन यांनी शिडांचा तोल साधून, बोटीला आपली वाट आपणच धरायला लावून पार केला. आखूड कीलच्या बोटीला असा धीर कमी. ती चटकन वळते, पाण्याशी घर्षण कमी म्हणून वेगाने धावते, पण सुकाणूवर सतत कोणीतरी लागते, माणूस किंवा यंत्र.

वेगाचा हिशेब बोलका आहे. सुहैलीची सरासरी चार नॉटच्या आसपास होती. टॉमी यांनी म्हादईतून सुमारे 23 हजार सागरी मैल 151 दिवसांत कापले, म्हणजे सहा नॉटच्या वर. बोटीची वेगमर्यादा लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशेबाने छप्पन फुटी बोट बत्तीस फुटीपेक्षा तीसेक टक्केच जास्त धावायला हवी. प्रत्यक्षात वाढ साठ टक्क्यांच्या घरात आहे. वरची वाढ वारा-हवामानाची असेल तेवढी वजा करून उरते ती पाण्याखालच्या आकाराची, पंचवीस मीटर उंच डोलकाठीची आणि आधुनिक शिडांची.

बांधणीतही तेवढेच अंतर. सुहैलीचा सांगाडा सागवानी फळ्यांनी मढवलेला, आणि फळ्या आल्या म्हणजे सांधे आले. अटलांटिकमध्ये कीलजवळच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरले, श्वास रोखून बुडी मारत सांध्यांत कापूस कोंबला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. मधे एक शार्क घुटमळू लागला. त्याला गोळी घालून उरलेले काम पुरे केले. म्हादईला सांधेच नाहीत. लाकडाचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना इपॉक्सीत भिजलेल्या काचतंतूंचे थर, असे तिचे एकसंध कवच आहे. ते गळत नाही. पण फुटले आणि गाभ्यात पाणी शिरले, तर कापूस-हातोड्याने भागत नाही. कोरडी शेड, सुकवणूक आणि रसायने लागतात. कवचाबाहेरच्या बिघाडांनाही बंदर गाठावे लागते. ‘म्हादई’च्याच आराखड्यावर दिवाडीत बांधलेली ‘तारिणी’ 2018 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन परतीच्या वाटेवर होती, तेव्हा सुकाणूच्या बिघाडासाठी तिला मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात जावे लागले. जुन्या बोटीचे दुखणे वारंवारचे, पण हातातल्या हत्यारांनी बरे होणारे. नवीचे क्वचितचे आणि अवघड.

दिशा शोधायला सुहैलीवर सेक्स्टंट आणि अचूक घड्याळ होते. तिचा रेडिओ बंद पडला आणि कित्येक महिने ती जिवंत आहे की नाही, हेच जगाला ठाऊक नव्हते. म्हादईवर उपग्रहाधारित दिशादर्शन आणि फोन होता.

2017 मध्ये याच दांडेकरांच्या कारखान्यात सुहैलीची प्रतिकृती तयार झाली. तिचे नाव ‘तुरीया’. आकार जुना, सामग्री नवी. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीचा नियमच होता की तंत्र 1968 चे हवे, म्हणून टॉमी तिच्यावर सेक्स्टंट घेऊन निघाले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती पूर्ण उलटून सरळ झाली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, पण कवच तरंगत राहिले. 2022 च्या शर्यतीला त्यांनी सुहैलीची प्रत न घेता लांब कीलची, पण काचतंतूची ‘रस्लर 36’ निवडली. हा 1980 च्या सुमाराचा, म्हणजे दोन्ही बोटींच्या मधल्या काळातला आराखडा. एप्रिल 2023 मध्ये टॉमी तिच्यातून दुसऱ्या क्रमांकाने परतले.