नळाची धार बारीक का होते?

गच्चीवरच्या टाकीतून घरात येणाऱ्या पाण्याचा दाब ठरतो तो टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा किती उंच आहे, यावर. टाकी 500 लिटरची की 5,000 लिटरची, याने दाबात फरक पडत नाही. 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण 1 किलो दाब मिळतो. सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर त्यामुळे सुमारे 2 किलो दाब असतो; टाकीच्या अगदी खाली असलेल्या शेवटच्या मजल्यावर मात्र जेमतेम 0.2 ते 0.3 किलो. तिथे शॉवर नीट चालत नाही, यात प्लंबरचा काही दोष नसतो.

कालपर्यंत चांगली असलेली धार मंदावली, तर उंची तीच असते; वाटेत काहीतरी अडलेले असते.

एकाच नळाची तक्रार असेल तर त्याच्या तोंडाची जाळी काढून पाहावी. टाकीतली रेती आणि बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार तिथे साचतात. जाळी व्हिनेगरमध्ये बुडवून घासली की पुष्कळदा काम भागते. फक्त गरम पाणी कमी येत असेल तर गीझरच्या जोडनळ्या तपासून घ्याव्यात.

सगळ्याच नळांची धार बारीक झाली, तर आधी त्याच पाइपवरच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. त्यांच्याकडे पाणी ठीक असेल तर दोष आपल्या घरातला. टाकी धुतल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर पाइपात हवा अडकलेली असू शकते. सगळे नळ एकदम उघडे ठेवल्यास ती बहुधा निघून जाते. जुना गेट व्हॉल्व्ह जास्त फसवतो. आतला दांडा तुटला की चाक फिरत राहते, पण पडदा खालीच राहतो, आणि व्हॉल्व्ह उघडा आहे असे वाटते.

वर्षानुवर्षे हळूहळू घटत गेलेली धार जुन्या लोखंडी पाइपांतल्या गंजामुळे असते. आतला व्यास निम्मा झाला की तेवढ्याच दाबाने येणारे पाणी पाच पटींहून अधिक कमी होते. अशा वेळी पाइप बदलणे हाच टिकाऊ उपाय.

प्रेशर पंप खरा उपयोगी पडतो तो वरच्या मजल्यांना, आणि तोही टाकीच्या पुढे बसवलेला. नगरपालिकेच्या जोडणीवर थेट मोटर लावल्यास शेजाऱ्यांचे पाणी ओढले जाते आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणीही आत शिरू शकते. गंजलेल्या पाइपांवर पंप बसवला तर अडथळा तसाच राहतो आणि वाढलेल्या दाबाने कमकुवत सांधे भिंतीतच गळू लागतात.