दुसऱ्याच्या कालवडी, आपला गोठा

दूधधंद्यातल्या शेतकऱ्याच्या कालवडी दुसऱ्या शेतकऱ्याने रोजाच्या ठरलेल्या दराने वाढवायच्या, वेळेवर गाभण करून घ्यायच्या आणि विण्याच्या आधी मालकाला परत द्यायच्या, या व्यवहाराला कंत्राटी कालवड-संगोपन म्हणतात. जनावराची मालकी शेवटपर्यंत दूधवाल्याकडेच राहते. सांभाळणारा आपली जमीन, गोठा, चारा आणि कष्ट पुरवतो. न्यूझीलंडमध्ये कालवडी अशा दुसऱ्याच्या कुरणावर धाडण्याची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. आयर्लंडमध्ये ती गेल्या दहा-बारा वर्षांत वाढली आणि तिथे ती मुख्यतः मांसासाठी गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या दारी आली.

याचे कारण दुधाच्या कोट्यात आहे. युरोपीय आर्थिक समुदायाने १९८४ मध्ये प्रत्येक देशाच्या दूध उत्पादनावर मर्यादा घातली. ती ३१ मार्च २०१५ रोजी उठली. मर्यादा उठणार हे आधीच जाहीर असल्याने आयरिश शेतकरी तयारीत होते. साधारण ११ लाखांवर असलेली दुभत्या गायींची संख्या पुढच्या दशकभरात १६ लाखांच्या घरात गेली. गायी वाढल्या, पण दूध काढण्याच्या शेडभोवतीची जमीन वाढली नाही. चरणाऱ्या गायीला दिवसातून दोनदा शेडपर्यंत चालत यावे लागते, म्हणून तिला जवळचेच कुरण लागते. कालवडीला तशी गरज नसते. शिवाय युरोपीय नायट्रेट नियमांनुसार वर्षाला हेक्टरी १७० किलोपेक्षा जास्त शेणखतातला नत्र जमिनीवर पडू देता येत नाही. आयर्लंडला खास सवलतीने २५० किलोंची मुभा होती, ती २०२४ पासून देशाच्या मोठ्या भागात २२० किलोंवर आली. कालवडी दुसऱ्याच्या शेतावर गेल्या की त्यांचा नत्र त्या शेताच्या खात्यात मोजला जातो आणि दूधवाल्याला तेवढ्या गायी जास्त ठेवता येतात.

दुसऱ्या बाजूला मांसाच्या गुरांचा शेतकरी आहे. मेयो, रॉसकॉमन, क्लेअर अशा पश्चिमेकडच्या परगण्यांत त्याची वस्ती दाट आहे. शेत लहान, जमीन ओलसर, आणि गायीचे दूध न काढता ते सारे वासराला पाजायचे अशी तिथली रीत. या धंद्यातून सरासरी कुटुंबाला वर्षाकाठी मिळणारे उत्पन्न कित्येक वर्षे १० हजार युरोंच्या आसपासच राहिले, आणि त्यातही सरकारी अनुदानाचा वाटा मोठा. बरेचजण दिवसा दुसरी नोकरी करतात. अशा शेतकऱ्याकडे गोठा आहे, गवत आहे, गुरे हाताळण्याची सवय आहे. नवी जनावरे विकत घ्यायला भांडवल तेवढे नाही. कंत्राटी संगोपनात जनावरात पैसा अडकत नाही, मांसाचा भाव पडला तरी दर हलत नाही आणि दरमहा बँकेत रक्कम जमा होते. जोडधंदा म्हणून त्याचे आकर्षण इथेच आहे.

पण मांसाच्या धंद्यातला अनुभव इथे अर्धाच उपयोगी पडतो, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्या धंद्यात वासराला गाय वाढवते. चीक तीच पाजते, पोषण आणि ऊब तिच्यापासून मिळते. माणूस फक्त लक्ष ठेवतो. दोन-तीन आठवड्यांचे दुधावरचे वासरू कंत्राटाने घेतले, की गायीचे हे सगळे काम माणसाच्या अंगावर येते.

चीक पाजण्याचे काम मात्र मूळ मालकाच्याच गोठ्यात होते, आणि संगोपन करणाऱ्याच्या नशिबाचा मोठा भाग तिथेच ठरतो. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये जवळजवळ नसतात. ती चिकातून मिळतात. आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद पहिल्या काही तासांत झपाट्याने ओसरते आणि दिवसभरात संपते. म्हणून आयर्लंडच्या चागस्क या कृषी संशोधन व विस्तार संस्थेचा सल्ला असा, की पहिल्याच पिळणीचा चीक, दोन तासांच्या आत, तीन लिटर पाजावा. चीक चांगला आहे की नाही हे रिफ्रॅक्टोमीटर या मापकावर दिसते. २२ अंश ब्रिक्स किंवा त्याहून अधिक हवे. ज्या मालकाला हे विचारले की राग येतो, त्याची वासरे न घेतलेली बरी.

पुढे येते दूध. सहसा दूधभुकटी लिटरमागे १२५ ते १५० ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात कालवतात आणि वासराला दिवसाला सहा लिटरच्या आसपास पाजतात. वेळ, तापमान आणि प्रमाण रोज तेच असले पाहिजे. यात ढिलाई झाली की हगवण लागते. दूध पोटाच्या पहिल्या कप्प्याला वगळून थेट चौथ्या कप्प्यात उतरते, त्यामुळे नुसत्या दुधावर रवंथाचा कप्पा वाढत नाही. तो वाढवतो खुराक. धान्य आंबून जी आम्ले तयार होतात, त्यांनी कप्प्याच्या आतल्या अस्तराला बोटांसारखे उंचवटे फुटतात आणि पोषण शोषण्याची जागा वाढते. या आंबण्याला पाणी लागते. दूध पिणाऱ्या वासराला वेगळे पाणी कशाला, असा समज बऱ्याच ठिकाणी आहे आणि तो वासराचे खरेखुरे नुकसान करतो. पहिल्या आठवड्यापासून ताजे पाणी, ताजा खुराक आणि थोडा पेंढा समोर हवा. सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाल्ला, की दूध आठवडाभरात हळूहळू कमी करत तोडायचे. त्या वेळी जन्मवजन दुपटीच्या पुढे गेलेले असावे.

गोठ्याचा प्रश्न याहून अवघड. मोठ्या गुरांची शेड उंच आणि ऐसपैस असते. मोठ्या जनावरांच्या अंगची ऊब हवा वर ढकलते आणि छताच्या फटीतून बाहेर काढते. छोट्या वासरांच्या अंगात तेवढी ऊब नसते. दमट हवा खालीच साचते आणि न्यूमोनिया होतो. नव्या जन्मलेल्या वासराला १५ अंश सेल्सियसच्या खाली थंडी बाधायला लागते, आणि आयर्लंडचा फेब्रुवारी-मार्च त्याहून बराच थंड असतो. उपाय साधा आहे: वासरू बसल्यावर पाय दिसू नयेत इतका जाड कोरडा पेंढा, त्याच्या उंचीवर वाऱ्याला आडोसा, वर हवेला वाट, आणि मुख्य म्हणजे मोठ्या गुरांपासून वेगळी जागा. युरोपीय नियमाने दीडशे किलोंच्या आतल्या वासराला किमान दीड चौरस मीटर जागा द्यावीच लागते. ती कमीत कमी आहे, पुरेशी नव्हे.

म्हणूनच बरेचजण दुधावरची वासरे घेतच नाहीत. मे-जूनमध्ये दूध तोडलेल्या कालवडी आणायच्या आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात गाभण स्थितीत परत करायच्या, हा सोपा मार्ग. यात गवत सांभाळणे हेच मुख्य काम: पहिल्या उन्हाळ्यात कोवळे पानवट गवत, फुफ्फुसातल्या व पोटातल्या जंतांवर लक्ष, ओल्या जमिनीत यकृतातल्या पर्णकृमींवर औषध, आणि हिवाळ्यात चांगल्या मुरघासाबरोबर गरजेपुरता खुराक.

हे सगळे ज्यासाठी करायचे, ते मोजले जाते वजनकाट्यावर. कालवड २४ महिन्यांची असताना विणार असेल, तर तिने सहा महिन्यांना प्रौढ वजनाच्या ३० टक्के, पंधरा महिन्यांना ६० टक्के आणि विताना ९० टक्के गाठायला हवे. प्रौढ गाय ५८० किलोंची धरली तर हे आकडे साधारण १७५, ३५० आणि ५२० किलो होतात. रोजची वाढ सुमारे ७०० ग्रॅम. पंधराव्या महिन्याचा टप्पा निर्णायक आहे. वजन कमी राहिलेली कालवड माजावर उशिरा येते, उशिरा गाभण राहते आणि मग वसंतात गवत उगवते त्या हंगामात वीत नाही. आयर्लंडचा सारा दूधधंदा त्या गवतावर उभा आहे, त्यामुळे उशिरा विणारी कालवड मालकाला पुढे वर्षानुवर्षे महाग पडते.

महाराष्ट्रात शेळी किंवा कालवड अर्धलीने सांभाळायला देतात, तिथे सांभाळणाऱ्याच्या हाती वाटा येतो तो शेवटी, आणि जनावर दगावले तर काहीच येत नाही. आयरिश पद्धतीत रोजाचा दर असल्याने जोखीम वेगळी वाटली जाते. मात्र दर ठरवताना छोट्या आकड्याला भुलू नये. पन्नास कालवडी सहाशे दिवस सांभाळल्या तर ३० हजार कालवड-दिवस भरतात. दरात दहा सेंटचा फरक म्हणजे तीन हजार युरो. म्हणून खुराक, मुरघास, खत, औषधे, पेंढा, वीज आणि स्वतःचे तास आधी मांडून मगच दर बोलावा. चागस्कने अशा कराराचा नमुना तयार केला आहे. त्यात दर, मुदत, टप्प्यांची वजने, पशुवैद्याचा आणि रेतनाचा खर्च कोणाचा, मृत्यूची जबाबदारी कोणाची, विमा आणि वादात मध्यस्थ कोण, हे लिहून ठेवायचे असते. नुसत्या दिवसांवर केलेला करार दोघांनाही धोक्याचा. वजनाचा उल्लेख नसेल तर मालकाला उपाशी कालवड आणि सांभाळणाऱ्याला बदनामी मिळते.

रोगाचे कलम तर टाळताच येणार नाही. दोन-तीन कळपांची जनावरे एकत्र आली की एकाचा रोग सर्वांचा होतो. न्यूझीलंडमध्ये जुलै २०१७ मध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा गुरांना आजारी पाडणारा जिवाणू सापडला. गुरांच्या आणि वासरांच्या हालचालींतून तो शेतोशेती गेल्याचे दिसले आणि २०१८ मध्ये देशाने तो समूळ नष्ट करण्याचा महागडा निर्णय घेतला. आयर्लंडमध्ये क्षयरोगाविरुद्धची मोहीम १९५४ पासून चालू आहे, तरी रोग गेलेला नाही. बीव्हीडी या गुरांच्या विषाणूजन्य रोगाच्या निर्मूलनासाठी २०१३ पासून प्रत्येक वासराच्या कानाच्या बिल्ल्याबरोबर ऊतीचा नमुना घेणे सक्तीचे झाले. सांभाळणाऱ्याच्या कळपात क्षयरोग निघाला तर हालचालींवर बंदी येते आणि परत जायच्या वेळी कालवडी तिथेच अडकतात. तेव्हा त्यांचा चारा, जागा आणि पुढचे बाळंतपण कोणाच्या खर्चाने, हे करारातच असले पाहिजे.

सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी एकाच मालकाच्या, दूध तोडलेल्या, वीस-तीस कालवडी घ्याव्यात. वजनकाटा आधी आणावा, कालवडी नंतर. आल्या दिवशी मालकासमोर त्यांचे वजन करून ते लिहून घ्यावे आणि पुढे दर एक-दोन महिन्यांनी त्याला कळवत राहावे. दुधावरची वासरे घेण्याचा विचार त्यानंतरच्या वर्षी, वेगळा गोठा तयार असेल तरच करावा.