‘ध्यानीमनी’ पाहून आल्यावर

आमच्या गावातील हौशी कलावंतांनी नुकताच प्रशांत दळवी यांच्या ‘ध्यानीमनी’ या नाटकाचा प्रयोग केला. चंद्रकांत कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेले आणि नीना कुळकर्णी यांच्या भूमिकेमुळे गाजलेले हे नाटक. २०१७ मध्ये त्यावर चित्रपटही आला.

नाटकातील शालिनीला मूल नाही. ती उणीव तिच्या अंतर्मनाने एक मुलगा निर्माण करून भरून काढली आहे. त्याच्या खाण्यापिण्याची, अभ्यासाची ती मनापासून काळजी वाहते. पती सदानंद सारे जाणतो. तरीही तो त्या खेळात सामील होतो.

आमच्या प्रयोगातील शालिनी रिकाम्या जागेशी बोलू लागली, तेव्हा मला माझ्या एका वृद्ध रुग्णाची आठवण झाली. पतीच्या निधनानंतरही त्या रोज सकाळी दोन कप चहा करीत. सुनेने तक्रार केली, तेव्हा मी सर्वांदेखत म्हणालो, “काकू, काका आता नाहीत, हे स्वीकारा.” त्यांनी दुसरा कप ठेवणे बंद केले, आणि माझ्याशी मोकळेपणाने बोलणेही. ती चूक मला आजही बोचते.

जोडीदार गेल्यावर त्याचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटणे, तो जवळच असल्याचा भास होणे, हे अनेकांना होते. तेवढ्यावरून कोणी वेडे ठरत नाही. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण दिवंगत आईला हाक मारू लागला, तर वाद घालू नये. खोटी ग्वाहीही देऊ नये. “आईची आठवण येते का? ती काय काय करीत असे?” असे विचारावे. मागणी बहुधा मायेची असते.

मात्र, हा बदल काही तासांत वा एकदोन दिवसांत अचानक झाला, माणूस कधी गुंगीत तर कधी अस्वस्थ असेल, तर ते मनाचे खेळ समजू नका. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, शरीरातील पाणी कमी होणे, नवे औषध किंवा झोपेची गोळी ही कारणे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सर्व औषधे सोबत न्या. अन्नात विष असल्याचा संशय, जेवण सोडणे, जीव देण्याची भाषा, यांपैकी काहीही दिसल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नका.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, सदानंदाकडेही पाहा. पत्नीला जपताना तो घराचे दार जगासाठी लावून घेतो आणि एकटा पडतो. आपण तसे करू नका. भावंडांना सांगा, कामे वाटून घ्या. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असतो.

त्या काकूंकडे मी पुढे पुन्हा गेलो, क्षमा मागितली आणि म्हणालो, “काकांना चहा कसा लागत असे?” त्या बराच वेळ बोलत होत्या.