संगणक विषाणू व बाधित फायली

संगणकातील अन्य आज्ञावलींत फेरफार करून त्यांत स्वतःची प्रत घुसविणारी व बाधित आज्ञावली चालविली की तिच्याबरोबर स्वतःही कार्यान्वित होणारी लहान आज्ञावली म्हणजे संगणक विषाणू. जैव विषाणूप्रमाणे तिला प्रसारासाठी आश्रय लागतो, म्हणून हे नाव रूढ झाले. फ्रेड कोहेन यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८३ साली प्रयोग करून ही संकल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली. नाव लेनर्ड एडलमन यांनी सुचविले. विंडोज प्रणालीच्या घरगुती संगणकांचा या उपद्रवाशी विशेष संबंध आला. व्यवहारात कृमी, छद्मी आज्ञावली इ. सर्व उपद्रवी प्रकारांना सरसकट ‘व्हायरस’च म्हटले जाते.

बाधित फाईल पूर्ववत होईल की नाही, हे विषाणूने तिच्याशी काय केले आहे यावर अवलंबून असते. नेहमीचा विषाणू फाईलच्या शेवटी आपला मजकूर जोडतो आणि आरंभीची आज्ञा बदलून नियंत्रण स्वतःकडे वळवितो; मूळ आरंभ मात्र तो जपून ठेवतो, कारण आज्ञावली पूर्वीसारखी चालली नाही तर वापरणाऱ्यास संशय येईल. विषाणूच्या या सावधगिरीमुळेच प्रतिविषाणू आज्ञावलीस जपलेला आरंभ जागेवर बसवून व शेपूट छाटून फाईल शुद्ध करता येते. १९८७ मध्ये आढळलेला ‘जेरूसलेम’ विषाणू एकाच फाईलला पुनःपुन्हा जडे व तिचा आकार प्रत्येक वेळी सु. १,८०० बाइटांनी वाढवी. या दोषामुळे तो उघडकीस येणे सोपे झाले. १९९८ मधील ‘सीआयएच’ विषाणू फाईलमधील रिकाम्या जागांत तुकड्या-तुकड्यांनी बसे. त्यामुळे तिची लांबी बदलत नसे. काही विषाणू मूळ मजकुरावरच लिहितात. अशी फाईल कोणत्याही उपायाने शुद्ध होत नाही. मे २००० मधील ‘आय लव्ह यू’ कृमीने छायाचित्रांच्या फायली अशा रीतीने नष्ट केल्या; गाण्यांच्या एमपी ३ फायली मात्र त्याने केवळ अदृश्य करून शेजारी स्वतःच्या प्रती ठेवल्या. फायली ‘गेल्या’ असे समजून ज्यांनी तबकडी पुसून टाकली, त्यांनी वाचलेली गाणीही गमावली.

संसर्गाचा संशय येताच संगणक महाजालापासून व इतर साधनांपासून तोडणे, ही पहिली पायरी होय. चालू असलेला विषाणू तपासणीस फसवू शकतो. लाहोर येथे १९८६ साली निर्माण झालेला ‘ब्रेन’ हा फ्लॉपीच्या आरंभखंडात वसणारा विषाणू तो खंड वाचू पाहणाऱ्यास मूळ शुद्ध खंडच दाखवीत असे. म्हणून तपासणी स्वच्छ माध्यमावरून संगणक सुरू करून करणे अधिक विश्वसनीय ठरते. पूर्वी त्यासाठी लेखनबंद फ्लॉपी वापरीत. हल्ली दुसऱ्या, निर्दोष संगणकावर तयार केलेला पेन ड्राइव्ह किंवा विंडोजमधील ‘ऑफलाइन’ तपासणीची सोय वापरतात.

तपासणीत सापडलेल्या फाईलबाबत शुद्धीकरण, विलगीकरण व विलोपन असे तीन पर्याय पुढे येतात. घाईने विलोपन करणे इष्ट नव्हे. विलगीकरणात फाईल सांकेतिक रूपात वेगळी ठेवली जाते. ती चालू शकत नाही, परंतु निदान चुकीचे ठरल्यास परत मिळते. असे निदान क्वचित चुकतेही : २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या प्रतिविषाणू आज्ञावलीने विंडोज एक्सपीची एक आवश्यक फाईल विषाणू समजून बाजूस काढली व अनेक संगणक वारंवार बंद-चालू होऊ लागले. बाधित आज्ञावली शुद्ध करीत बसण्यापेक्षा ती काढून मूळ प्रतीवरून पुन्हा बसविणे केव्हाही श्रेयस्कर, कारण शुद्ध केलेली फाईल मुळाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. कुटुंबाची छायाचित्रे, हिशेब, प्रबंधाचा मसुदा यांना मात्र अशी विकत मिळणारी मूळ प्रत नसते. त्यामुळे सारी दक्षता त्यांच्यासाठीच घ्यावी लागते.

सायबर कॅफे किंवा मुद्रणाच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी त्याच नावांची ‘शॉर्टकट’ चिन्हे दिसणे, हा भारतात फार आढळलेला प्रकार. यात मूळ फोल्डर बहुधा तेथेच, पण अदृश्य केलेले असतात. चिन्हांवर टिचकी न मारता आधी तपासणी करावी व नंतर ‘ॲट्रिब’ या आज्ञेने अदृश्यतेची खूण काढावी. ‘फॉरमॅट’ करण्याचा दुकानदारी सल्ला येथे निष्कारण हानी करतो.

खंडणीखोर आज्ञावलींची गोष्ट याहून वेगळी आहे. मे २०१७ मध्ये पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने फायली कूटबद्ध केल्या, अशा वेळी उपद्रवी आज्ञावली काढली तरी फायली उघडत नाहीत. खंडणी देऊनही त्या मिळण्याची हमी नसते. कूटबद्ध फायली जपून ठेवाव्यात, कारण काही प्रकारांच्या किल्ल्या पुढे उपलब्ध झाल्या आहेत. युरोपोल आदींनी २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ प्रकल्पात त्या विनामूल्य मिळतात. खात्रीचा उपाय म्हणजे संगणकापासून सुटी ठेवलेली दुसरी प्रत; सतत जोडलेल्या बाह्य तबकडीवरील प्रतही त्याच हल्ल्यात सापडते.

प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी रीत असूच शकत नाही, हे कोहेन यांनी सिद्ध केले आहे. त्यामुळे ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी सतत वाढवीत राहणे, हा या व्यवसायाचा पाया राहिला. पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९५ मध्ये उभा केलेला ‘क्विक हील’ हा उद्योग संगणक दुरुस्तीच्या दुकानातून वाढला. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र शुद्धीकरणाची साधने विनामूल्य पुरविते. विषाणू जाणूनबुजून घुसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे.