माग लागला, मुद्देमाल कुठे?

फेब्रुवारी 2025 मध्ये गेनबिटकॉइन या बिटकॉइन-गुंतवणूक घोटाळ्यात सीबीआयने देशभर साठहून अधिक ठिकाणी छापे घातले. दिल्ली, पुणे, बेंगळुरूच्या त्या यादीत नांदेडही होते. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला त्याचे फारसे नवल वाटले नसेल. डीएमआयसी औद्योगिक पट्ट्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला ‘तीस-तीस’ गुंतवणूक योजनेने गिळला, पाठोपाठ ‘आदर्श’ पतसंस्थेच्या ठेवीदारांनी मोर्चे काढले. महिन्याच्या महिन्याला भरघोस परतावा म्हटले की आपला हात सैल सुटतो, हे एजंटांना पक्के ठाऊक असते.

गेनबिटकॉइनचा सूत्रधार अमित भारद्वाजने 2015 च्या सुमारास मांडलेला हिशेब तसाच सोपा होता. बिटकॉइन द्या आणि 18 महिने दरमहा 10 टक्के बिटकॉइनमध्येच परत घ्या. म्हणजे एकाचे एक पूर्णांक आठ. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या घरच्याच नाण्यात मिळू लागला, आणि त्याला बाजारात विचारतो कोण? इकडे 2017 च्या डिसेंबरात खरा बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या घरात पोहोचला होता. एप्रिल 2018 मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली.

तेव्हा सर्रास म्हटले जायचे, बिटकॉइनचा माग लागतच नाही. खरे तर माग लागतो तो याच पैशाचा. ब्लॉकचेन म्हणजे जगापुढे उघडा ठेवलेला सातबारा. 2009 पासूनचा प्रत्येक फेरफार त्यात आहे, फक्त खातेदाराच्या नावाच्या जागी अक्षर-अंकांची लांबलचक माळ. तपास करणारा या माळा जुळवत जातो. एका व्यवहारात तीन पत्त्यांवरची नाणी एकदम खर्च झाली, तर तिन्हींच्या चाव्या बहुधा एकाच हातात आहेत, कारण प्रत्येकावर वेगळी सही लागते. पैसे दिल्यावर उरलेली मोड कुठल्या नव्या पत्त्यावर परत आली, तेही पाहायचे. असे करत माग एखाद्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या दारात पोहोचला की संगणकाचे काम संपते आणि पत्रव्यवहार सुरू होतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 91, आता नागरिक सुरक्षा संहितेचे 94. उत्तरात पॅन, मोबाइल नंबर, बँक खाते येते. मार्च 2023 मध्ये केंद्राने एक्स्चेंजना मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आणल्यापासून हे उत्तर मिळणे पुष्कळ सोपे झाले.

पुण्यात गाडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. पोलिसांनी मदतीला दोन बाहेरचे तज्ज्ञ घेतले होते, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च 2022 मध्ये त्याच पुणे पोलिसांनी दोघांनाही अटक केली. आरोप असा की, आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवली गेली आणि शिल्लक कमी दिसावी म्हणून खाडाखोड केलेले स्क्रीनशॉट तपासात दिले गेले. हे आरोप आहेत, निकाल नव्हे. पण एक प्रश्न राहतोच. बिटकॉइनचा पत्ता हाती असेल तर त्यावरची शिल्लक कोणत्याही हवालदाराला मोबाइलवर मिनिटभरात दिसते. मग स्क्रीनशॉटवर भिस्त कशाला ठेवली?

असे प्रथम आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेत सिल्क रोड या अमली पदार्थांच्या बाजारपेठेचा तपास करणाऱ्या कार्ल फोर्स आणि शॉन ब्रिजेस या दोन सरकारी अधिकाऱ्यांनीच बिटकॉइन लाटले होते. 2015 मध्ये दोघांनाही शिक्षा झाली, आणि त्यांना अडकवण्यात याच उघड्या नोंदींचा मोठा हात होता.

माग काढता येतो म्हणून वसुली होतेच असे नाही. शेवटी चावी लागते. मार्च 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अमितच्या भावाला, अजय भारद्वाजला, वॉलेटचे युजरनेम आणि पासवर्ड ईडीला देण्याचा आदेश द्यावा लागला. अमित त्याआधीच, जानेवारीत, वारला होता. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे सोपवले. 2025 च्या त्या छाप्यांत 23.94 कोटींचे आभासी चलन हाती लागले. ईडीने ज्या घोटाळ्याचा आकडा 6,600 कोटी सांगितला, त्यात हे किती?

दरम्यान चोरांनीही वाहन बदलले. टेलिग्रामवरच्या ‘टास्क’ फसवणुकीतला पैसा भाड्याच्या बँक खात्यांतून फिरून यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या आभासी नाण्यात जातो. हे नाणे काढणारी टेदर कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते, पण त्यासाठी तक्रार वेळेत यायला हवी. पहिल्या काही तासांत 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लागला तर आशा असते, आठवड्याने मिल कॉर्नरच्या पोलीस आयुक्तालयात गेल्यावर बहुधा नुसता नकाशा उरतो. तक्रारदाराकडे व्यवहाराचा हॅश क्रमांक, म्हणजे ब्लॉकचेनवरची त्याची ओळख, असला तर निदान पहिले पान उघडते.

गेनबिटकॉइनच्या ज्या गुंतवणूकदारांनी एजंटाच्या हातात रोख दिली आणि बिटकॉइन त्यानेच घेतले, त्यांचा तर साखळीत पत्ताच नाही. त्यांच्यासाठी सीबीआयला एजंटाची डायरी आणि व्हॉट्सअॅपच धुंडाळावे लागणार.