बेकारी झाकून ठेवू नका

नोकरी गेली की आपल्याकडे पहिली धडपड नवी नोकरी शोधण्याची नसते. गेलेली नोकरी लपवण्याची असते. शेजाऱ्यांना ‘सध्या घरूनच काम चालू आहे’ असे सांगितले जाते, नातेवाइकांच्या कानावर ‘स्वतःचे काहीतरी सुरू करतोय’ एवढेच जाते, आणि पदवी घेऊन तीन-चार वर्षे घरी असलेल्या मुलाबद्दल आईवडील ‘स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे’ म्हणून विषय संपवतात. काही घरांत तर बायकोलाही पत्ता लागू दिला जात नाही. माणूस नेहमीच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडतो. यामागची भीती खोटी नाही. लग्नाची बोलणी, घराचा हप्ता, भावकीतला मान हे सारे नोकरीला टांगलेले असते. तरीही बेकारीच्या काळात माणूस जे निर्णय घेतो, त्यांत सर्वांत महागात पडतो तो लपवण्याचा. त्याने हक्काचे पैसे हातून जातात, नवी नोकरी ज्या वाटेने येते ती वाट बंद होते आणि मन आतून पोखरले जाते. म्हणून नोकरी शोधणाऱ्याला द्यायचा पहिला सल्ला बायोडेटा कसा लिहावा हा नाही. आपल्याला काम हवे आहे, हे योग्य माणसांना लवकर आणि स्वच्छ शब्दांत सांगा, हा आहे.

लाज वाटते ती आपल्यातच काही उणे आहे या समजुतीने. आकडे काही वेगळेच सांगतात. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार जुलै 2023 ते जून 2024 या वर्षात देशातला एकूण बेरोजगारीचा दर 3.2 टक्के होता, पण 15 ते 29 या वयोगटात तो 10.2 टक्के होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक अहवालात याहून बोचरी गोष्ट आहे: 2022 साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारी 3.4 टक्के होती, तर पदवीधर तरुणांमध्ये 29.1 टक्के. निरक्षर तरुणाला रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम धरतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की पदव्या ज्या वेगाने वाढल्या, त्या वेगाने पदवीला साजेशी कामे वाढली नाहीत. महाराष्ट्रात 2024 च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले सतरा लाखांहून अधिक. शंभरातल्या नव्व्याण्णवांना जागाच नाही, अशा रांगेत मागे राहिलेल्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.

मौनाची पहिली किंमत पैशात मोजावी लागते. नोकरी गेल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात कागदपत्रांना प्राधान्य हवे, पण लपवणारा माणूस नेमका त्याच काळात जुन्या कचेरीचे तोंड टाळतो. कंपनी राजीनामा मागत असेल, तर सही करण्याआधी थांबा आणि जाणकाराला विचारा. स्वतःहून सोडणे आणि काढून टाकले जाणे यांचे कायदेशीर परिणाम वेगळे असतात. कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला कपातीच्या वेळी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळायला हवी. पाच वर्षे सलग सेवा झालेल्या कायम कर्मचाऱ्याचा ग्रॅच्युइटीवर हक्क असतो आणि ती देय झाल्यापासून 30 दिवसांत मिळायला हवी. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असलेल्यांसाठी ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे. अटी पूर्ण होत असतील तर रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम 90 दिवसांपर्यंत मिळू शकते. कित्येक पात्र कामगार ती मागतच नाहीत. शिल्लक रजेचे पैसे, अनुभवाचे पत्र आणि रिलीव्हिंग लेटर वेळीच हातात घ्या. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, त्यामुळे त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का, हे मुदत टळण्याआधी विचारा. कर्जाचा हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन बोललेले बरे. थकल्यावर बोलणे बँकेच्या हातात जाते. हे सारे करायचे तर घरात खरे सांगावेच लागते. ज्या घराला उत्पन्न थांबल्याचे माहीतच नाही, ते घर खर्च कमी कसा करणार? मग फरक क्रेडिट कार्डावर भरला जातो, आणि तिथले व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते.

दुसरी किंमत संधीची. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970 च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नुकती नोकरी बदललेल्या माणसांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक जणांना नोकरीचा धागा ओळखीतून मिळाला होता. पण ही ओळख जिवलग मित्रांची नव्हती: माहिती देणारा माणूस नेहमी भेटणारा होता, असे सांगणारे जेमतेम 17 टक्के निघाले, बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी दूरच्या वर्तुळातून येते. लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही फार जवळच्या नात्यांपेक्षा काहीशा सैल ओळखी नोकरी बदलायला अधिक उपयोगी ठरल्या. लपवणाऱ्याचे नुकसान नेमके इथे होते. घरच्यांना कधी ना कधी कळतेच. कळत नाही ते जुन्या सहकाऱ्याला, कॉलेजच्या वर्गमित्राला, माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला, पूर्वीच्या वरिष्ठाला. त्यांना सांगताना ‘काही असेल तर बघा’ एवढे पुरत नाही. ‘सहा वर्षे गोदामाचा साठा आणि जीएसटीचे काम पाहिले आहे, चाकण किंवा रांजणगावच्या पट्ट्यात काम हवे आहे, एक तारखेपासून रुजू होऊ शकतो’ असे नेमके वाक्य ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते आणि त्याला पुढे सांगताही येते. हे वशिला लावणे नव्हे. वशिल्यात पात्रतेला बगल दिली जाते. इथे आपण फक्त जागेची माहिती आणि पात्रता दाखवण्याची संधी मागत असतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. ओळखी सर्वांच्या सारख्या नसतात. ज्याच्या घराण्यात कोणी कचेरीची पायरी चढले नाही, त्याने कोणाला फोन करायचा? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांच्या 2007 च्या अभ्यासात सारख्याच पात्रतेच्या अर्जांवर केवळ आडनाव वेगळे ठेवले, तरी दलित आणि मुस्लिम उमेदवारांना कमी प्रतिसाद मिळाला. हा अन्याय सल्ल्याने मिटणार नाही. पण या आक्षेपातून मौनाचे समर्थनही निघत नाही. ज्याच्याकडे वारशाने आलेल्या ओळखी नाहीत, त्याने त्या मिळून उभ्या करायला हव्यात, आणि तसे करता येते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ नेथन ॲझ्रिन यांनी 1975 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोकरी शोधणाऱ्यांचे गट बांधले. सभासद रोज एकत्र येत, एकमेकांचे अर्ज तपासत, मुलाखतीचा सराव करत आणि हाती आलेली प्रत्येक जागा गटात सांगत. तीन महिन्यांत गटातल्या 92 टक्के लोकांना काम मिळाले. एकट्याने शोधणाऱ्यांत हे प्रमाण 60 टक्के होते. अभ्यास लहान होता आणि परका होता हे खरे, पण त्यातली पद्धत कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयात बसणारी आहे. पाच-सहा जण, आठवड्यातून दोन ठरलेल्या बैठका, जागांची एक सामायिक यादी. आयटीआयचे माजी विद्यार्थी, बार्टी, सारथी किंवा महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणात भेटलेले सोबती, बचत गटातल्या महिला, असे गट जिथे आधीच आहेत तिथून सुरुवात करता येईल.

तिसरी किंमत मनाची, आणि तिचा एक जुना पुरावा ऑस्ट्रियातला आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातला कापड कारखाना 1929-30 मध्ये बंद पडला आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइसेल यांनी तिथे केलेला अभ्यास 1933 साली प्रसिद्ध झाला. वेळ भरपूर मिळाल्यावर माणसे अधिक वाचतील, अधिक चर्चा करतील, अशी अपेक्षा असते. झाले उलटे. ग्रंथालयाची वर्गणी माफ करूनही दोन वर्षांत पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पुरुषांची चाल मंदावली, रस्त्यात ते वारंवार थांबू लागले. दिवसभरात काय केले, हे त्यांना नीट सांगता येईना. बायका घरकामाने व्यग्र राहिल्या, तरी अनेकींना कारखान्यात परतायचे होते. आपल्याकडे नोकरी गेलेल्या बाईची बेकारी घरकामाखाली आपोआप झाकली जाते. तिला काम हवे आहे का, हे विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. याहोडा यांनी पुढे मांडलेला निष्कर्ष असा की नोकरी पगाराखेरीज दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसे देते, चौघांच्या कामात वाटा देते, समाजात स्थान देते आणि हातपाय हलते ठेवते. हे सगळे एकदम जाते, तेव्हा खचणे हा दुबळेपणा नसतो. म्हणून दिवसाचा आकार आपणच घडवायचा: उठण्याची वेळ बदलू द्यायची नाही, शोधासाठी सकाळचे तीन-चार तास बांधून घ्यायचे, दुपारी एखादे कौशल्य शिकायचे आणि रोज घराबाहेरच्या निदान एका माणसाला भेटायचे. दिवसभर मोबाइलवर जाहिराती चाळणे हा शोध नव्हे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

‘पण मालकच बेकार माणसाकडे संशयाने पाहतात, मग सांगून हात कशाला पोळायचे?’ असे कोणी विचारेल. हा अनुभव खरा आहे. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, बेकारीचे महिने वाढतात तशी मुलाखतीची बोलावणी घटतात, आणि ही घट पहिल्या आठ महिन्यांत सर्वांत तीव्र असते, असे दिसले. पण यातून निघणारा धडा लवकर सांगण्याचा आहे. पहिले महिने मौनात घालवणारा माणूस सर्वांत मोलाचा काळ गमावतो. शिवाय खोट्या तारखा टिकत नाहीत. पीएफच्या यूएएन खात्यात कोणत्या कंपनीत कधी रुजू झालात आणि कधी सोडलेत याची नोंद असते, आणि मोठ्या कंपन्या ती तपासतात. खंड झाकण्यापेक्षा तो भरावा: ॲप्रेंटिसशिप, तात्पुरते काम, परिचिताच्या दुकानाचे हिशेब, सरकारी प्रशिक्षण योजनेतले महिने. मुलाखतीत ‘विभाग बंद झाला, त्यात माझी नोकरी गेली; त्यानंतर हे शिकलो’ ही दोन वाक्ये पुरतात. नोकरीच्या आशेने पैसे मागणाऱ्यांचेही फावते ते मौनामुळेच. नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली रुजू होण्याआधी रक्कम मागितली गेली, की तो व्यवहार चार जणांना सांगावा. बहुतेक फसवणूक तिथेच उघडी पडते. पैसे ऑनलाइन गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

महाराष्ट्रात बेकारी झाकण्याचे सर्वांत प्रतिष्ठित आवरण मात्र स्पर्धा परीक्षा हेच आहे. परीक्षा देण्यात काही गैर नाही. अडचण अशी की राज्यसेवेसाठी खुल्या गटाला 38 आणि मागास प्रवर्गांना 43 वर्षांपर्यंत मुभा असल्याने ‘तयारी’ला शेवटच राहत नाही, आणि पुण्याच्या पेठांतल्या खोलीचे भाडे गावाकडची शेती भरत राहते. मुभा आहे म्हणून ती सगळी वापरलीच पाहिजे असे नाही. किती प्रयत्न आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे पहिल्या परीक्षेआधी घरच्यांसमोर ठरवावे, आणि दुसऱ्या प्रयत्नापासून अर्धवेळ का होईना काम धरावे. शिक्षणाला न शोभणारे काम घेतले तर पुढची वाट बंद होते, ही भीती बहुतेकदा अवाजवी असते. कामावर असलेल्या माणसाच्या ओळखी वाढतात आणि बायोडेटातला खंड थांबतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार. जागाच नसतील तर माणसांना सल्ले देणे म्हणजे सरकारची जबाबदारी त्यांच्या गळ्यात टाकणे नव्हे का? सल्ल्याने जागा निर्माण होत नाहीत, हे मान्यच केले पाहिजे. पण झाकलेली बेकारी कोणाच्याच दारी पोहोचत नाही. 1972 च्या दुष्काळात या राज्यात लाखो माणसांनी उघडपणे काम मागितले. त्यातूनच ज्येष्ठ नेते वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला बळ मिळाले, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि देशाच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्याला याच अनुभवाचा आधार मिळाला. मागितल्याशिवाय काम नाही, पण मागितले तर नाकारता येणार नाही, हे राज्याच्या त्या कायद्याचे सूत्र होते. शिकलेल्या बेकाराला असा हक्क आज नाही. तो मिळवायचा तर आधी त्याने आणि त्याच्या घराने ‘आम्हाला काम हवे आहे’ हे खालच्या आवाजात बोलणे सोडले पाहिजे.