चिखलाची किंमत किती?

मुलांनो, जमिनीची किंमत कशी ठरते ठाऊक आहे ना? रस्त्यालगत आहे का, विहिरीला पाणी आहे का, ऊस-द्राक्षं येतील का, हे सगळं मोठी माणसं बघतात. पण समजा, एखादी जागा निम्मं वर्ष पाण्याखाली आणि उरलेलं वर्ष गुडघाभर चिखलात! तिची किंमत किती? आमच्या चौथीच्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "शून्य!" मागच्या बाकावरून एकटीच कुणीतरी म्हणाली, "पण बाई, बगळ्यांना विचारलंत का?"

चला तर, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात जाऊन विचारू. तिथे गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. इंग्रजांच्या काळात तो शेतीच्या पाण्यासाठी बांधला. बंधाऱ्याने पाणी अडवलं, तसा नद्यांबरोबर आलेला गाळही अडला. गाळाची बेटं झाली, त्यांवर पानकणीस आणि लव्हाळे माजले. पाटबंधाऱ्याच्या वहीत हा चक्क तोटा! जेवढा गाळ जास्त, तेवढं पाणी कमी. पण त्याच गाळात किडे, शिंपले, कंद वाढले, उथळ पाण्यात माशांची पिल्लं खेळू लागली. एवढी मेजवानी मांडल्यावर पक्षी थोडेच दूर राहणार? हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे हजारो किलोमीटर उडून इथे येतात. १९८६ साली हे अभयारण्य झालं.

अशा जागेला पाणथळ जागा म्हणतात. त्यांचं मोल ठरवायचे काही नियम आहेत, बरं का. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी देशोदेशींनी पाणथळी जपण्याचा करार केला. त्यात एक कसोटी अशी, की तिथे नेहमी २०,००० किंवा त्याहून जास्त पाणपक्षी जमतात का? दुसरी कसोटी, नामशेष व्हायला आलेला एखादा जीव तिच्या आश्रयाला आहे का? नांदूर मधमेश्वरला देवळाली मिनो नावाचा इवलासा, अत्यंत धोक्यात आलेला मासा आहे. तिथे एकूण ५३६ जातींच्या जीवांची नोंद झाली आहे. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. शिवाय पुराचं पाणी ही जागा स्पंजासारखी पोटात घेते. ते कोणत्या वहीत लिहायचं? मला विचाराल तर पहिल्याच पानावर!

आता ही मोजदाद कशासाठी? कारण रोज काहीतरी ठरवावं लागतं. पाणी काठोकाठ भरलं, तर आखूड पायांच्या चिखल्यांना उभं राहायला चिखलच उरत नाही. सगळं सोडून दिलं, तर बदकं निघून जातात आणि मासेही तडफडतात. पण शेतकऱ्यांनाही पाणी हवंच, त्यांचं चुकतं कुठे? गाळ काढायचा म्हटलं, तर कुठला? सरसकट उपसला तर पक्ष्यांचं ताटच ओढून घेतल्यासारखं होईल. जलपर्णीबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. ही दक्षिण अमेरिकेतली पाहुणी पाण्यावर गोधडी पसरते, खाली ऊन पोचू देत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. सांडपाणी आणि खतं मिळाली की ती आणखीच फोफावते. ती आटोक्यात ठेवायला तिथले शेतकरी आणि मच्छीमारही हातभार लावतात.

तुमच्या गावच्या तळ्याची वही तुम्हीही ठेवू शकता. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, सकाळी, एकाच जागी बसायचं. पाणी कुठवर आहे ते एखाद्या दगडाची खूण धरून लिहायचं. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढे दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचं आणि मग तशा किती जागा भरल्यात ते मोजायचं. गुरं पाणी प्यायला येतात का, मासे कोण धरतं, हेही लिहा. आणि हो, मोजताना आरडाओरडा करू नका, नाहीतर वहीत लिहायला फक्त बेडूकच उरतील!